बंधपत्रावर घरीं आलेला मनुष्य



बंदिवानांस भेटावें, हें दयेचें कृत्य आपणां सर्वांस लहानपणापासून पाठ आहे. परंतु दोषी ठरूनही ज्यास न्यायालयानें तुरुंगांत न धाडतां घरीं पाठविलें, त्याच्याविषयीं आम्ही आज बोलणार आहों.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाप्रमाणें, ज्या गुन्ह्यास फांशी वा जन्मठेप सांगितलेली नाहीं, अशा गुन्ह्यांत न्यायालय अपराध्याचा स्वभाव व परिस्थिति पाहून, शिक्षा न सुनावतां त्यास सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडूं शकतें. मुदत फार तर तीन वर्षें. देखरेखीचा हुकूम झाल्यास ती निदान एक वर्ष चालते. परिवीक्षा अधिकारी त्याची विचारपूस करितात; त्यास काम मिळवून देण्याची खटपट करणें हेंही त्यांचेंच कर्तव्य. (जुन्या हजेरीशीं याची गल्लत करूं नये. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींस केवळ जन्मावरून गुन्हेगार ठरविलें होतें. तो अन्याय १९५२ सालीं रद्द झाला.)

पण एक अट गरिबास अडते. अपराध्याचें किंवा त्याच्या जामीनदाराचें न्यायालयाच्या हद्दींत कायमचें ठिकाण वा नियमित धंदा असावा लागतो. आपल्या सिल्लोड तालुक्यांत मिरची तोडून, कापूस वेंचून जगणाऱ्यास, दिवाळीपुढें कोयता घेऊन परमुलखीं जाणाऱ्यास, नियमित धंदा कोणता म्हणावा? हुकुमांत राहण्याच्या जागेची अट असली, तर न विचारतां ऊंसतोडीस जाणेंही अंगाशीं येतें, आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगण्याची पाळी येऊं शकते. न जावें, तर चूल कशी पेटावी?

अमेरिकेंत बोस्टन शहरीं १८४१ सालीं जॉन ऑगस्टस नांवाच्या जोडे बनविणाऱ्या गृहस्थानें एका मद्यप्याचा जामीन घेतला. तो ना वकील होता, ना सरकारी अंमलदार. तेथील परिवीक्षेच्या पद्धतीचा उगम त्याच्याच कामांत मानितात.

कायद्याचें बारावें कलम सांगतें कीं, अशा रीतीनें सुटलेल्यास दोषी ठरल्यामुळें येणारी अपात्रता लागूं होत नाहीं. कायदा डाग पुसतो. आपण मात्र पाणवठ्यावर नि सोयरिकीच्या बोलण्यांत तो पुन्हां उकरून काढितों. हें आम्हांस शोभत नाहीं.

जामीन राहण्यांत जोखीम आहे. तो मनुष्य चुकला, तर रक्कम भरावी लागण्याचा संभव असतो. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तरी ज्यांचें येथें घर आहे, विहीर बागायत आहे, दुकान आहे, त्यांनीं या महोत्सवी वर्षांत एका तरी अशा माणसाचे जामीनदार व्हावें, आणि जमल्यास त्यास बारमाही काम द्यावें, म्हणजे ऊंसाच्या हंगामांत त्यास गांव सोडावें लागणार नाहीं.