थंडीतील साथ आणि शाळेची हजेरी



मार्गशीर्ष-पौषात थंडी पडली की वर्गाच्या खिडक्या लागतात, मुले दाटीवाटीने बसतात आणि एकाचा खोकला चार दिवसांत साऱ्या वर्गात शिरतो. शिंक-खोकल्याच्या तुषारांतून विषाणू पसरतात. इन्फ्ल्युएन्झाचा रोगी लक्षणे दिसण्यापूर्वी एक दिवस व नंतर ५ ते ७ दिवस इतरांस रोग देऊ शकतो. लहान मुले त्याहूनही अधिक काळ. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीमुळे पुण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

यास्तव पूर्ण हजेरीच्या हौसेपायी तापकरी मुलास वर्गात बसवू नये. औषधावाचून ताप उतरून एक अहोरात्र लोटल्यावरच त्यास शाळेत घ्यावे व बुडालेला पाठ आपुलकीने भरून काढावा. वर्गात वारा खेळता असावा. भोजनापूर्वी साबणाने २० सेकंद हात धुण्याची सवय मुलांस लावावी. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, हे पालकांस समजावून द्यावे. धाप लागणे, ओठ निळसर होणे, पाणीही न घेणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

हजेरीपटावरील एका मुलाची गैरहजेरी पुष्कळदा साऱ्या वर्गाची हजेरी राखते.