हेलियमचे दोन विद्युत्कण



हेलियम म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला विजयदुर्ग आठवतो. १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने तेथूनच हे मूलद्रव्य शोधले, असे अभिमानाने सांगतात. ते खरे नव्हे. त्या १८ ऑगस्टला जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडातच होता. सूर्याच्या कडेची ती पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात तिकडूनच पाहिली. विजयदुर्गावर तो आला १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे नायगमवाला जेऊरला यंत्रे मांडून बसले होते. त्यांचे नाव मात्र कोणी घेत नाही!

आम्हाला आज बोलायचे आहे ते हेलियमच्या निराळ्याच रेघांविषयी. या अणूत विद्युत्कण दोनच. एकाला बाहेर काढायला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. पण ६०.१ ची प्रकाशकणिका आली, तर दोघेही एकदम वरच्या पायरीवर चढतात. मग पुढे काय? अणू प्रकाश टाकून खाली येईल, असे आपल्याला वाटते. पण त्याला तेवढी सवड नसते. एक विद्युत्कण खाली उतरतो आणि सुटलेली ऊर्जा जोडीदाराच्याच पदरात टाकतो. जोडीदार साडेपस्तीस इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन अणूबाहेर पडतो. घरातले देणेघेणे घरातच मिटते. आणि वेळ किती? सेकंदाचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख. तसले सुमारे १७.

खरी मौज पुढेच आहे. तोच प्रकाश विद्युत्कणाला थेटही बाहेर काढू शकतो. वाटा दोन, आणि तो कोणत्या वाटेने आला हे सांगता येत नाही; म्हणून दोन्ही वाटांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. आपल्या पुणतांब्याच्या घाटावर उभे राहून गोदावरीच्या संथ पाण्यात दोन खडे टाकून पाहा: कोठे लाटेवर लाट चढते, तर कोठे लाट खळग्यात मुरून पाणी सपाट राहते. तसेच या रेघेचे होते. तिच्या एका बाजूला हेलियम प्रकाश भरभरून शोषतो, दुसऱ्या बाजूला जवळजवळ पारदर्शक होतो. या तिरप्या आकाराचे गणित उगो फानो यांनी १९३५ मध्ये मांडून १९६१ मध्ये पूर्ण केले. मॅडन आणि कॉडलिंग यांनी १९६३ मध्ये वॉशिंग्टनला, सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात, ती रेघ प्रत्यक्ष टिपली.

त्यांच्या पट्टीवर अपेक्षेप्रमाणे सारख्या जोमाच्या दोन मालिका दिसल्या नाहीत. एक ठळक, दुसरी अगदी पुसट. विद्युत्कणांना स्वतंत्रपणे 'हा इथला, तो तिथला' असे म्हणून चालत नाही, हा त्याचा अर्थ. त्यांची हालचाल दोघांची मिळून असते. शाळेतल्या पुस्तकात प्रत्येकाची वेगळी कक्षा काढतात, ते चित्र इथे लटके पडते.

क्वचित प्रकाशाचीही सरशी होते. बाहेरचा विद्युत्कण फार दूर असला, की दोघांची गाठ दुर्मीळ होते आणि आतला प्रकाश टाकून खाली येतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हे स्पष्ट झाले. पुढे २०१६ मध्ये ती तिरपी रेघ क्षणाक्षणाने कशी आकार घेते, हेही हायडेलबर्ग आणि सॅक्ले येथील मंडळींनी पाहिले.