वळणावरील शील



मोटारीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिली पृच्छा तिच्या अश्वशक्तीची होते, दुसरी किमतीची, आणि प्रश्नकर्ता अनुभवी असेल तर तिसरी, एका लिटरात ती किती किलोमीटर धावते याची. परंतु ती वळणावर कशी वागते, हे विचारणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात क्वचितच आला आहे. वास्तविक सरळ रस्त्यावर वेग वाढवण्याचे काम कोणतेही सशक्त एंजिन बिनबोभाट पार पाडते. जिला क्रीडामोटार हे नाव खऱ्या अर्थाने शोभते तिची परीक्षा, चालकाने स्टिअरिंग वळवल्यापासून ती पुन्हा सरळ होईपर्यंतच्या थोड्या सेकंदांत होते, आणि तेथे एंजिनाची हुकमत फारशी चालत नाही. तेथे अंमल असतो तो स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चाकांना धरून ठेवणारे दांडे आणि टायरचे जमिनीला टेकलेले चार लहानसे भाग यांचा. या सरंजामाला आपण सस्पेन्शन म्हणतो. त्याच्या जुळणीतील कौशल्य मोटारीची पकड वाढवण्यात जितके आहे, त्याहून अधिक ती पकड सुटू लागली असता मोटारीने कसे वागावे हे ठरवण्यात आहे, एवढाच माझा आजचा सिद्धान्त आहे.

प्रथम थोडे गणित, कारण त्यावाचून पुढचे विवेचन अधांतरी राहील. समजा, १००० किलो वजनाची एक मोटार आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर आहे, डाव्या आणि उजव्या चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आहे, आणि ती डावीकडे अशा वेगाने वळत आहे की तिला बाहेर लोटणारे बल तिच्या वजनाच्या आठ-दशांश भरते. या स्थितीत आतल्या चाकांवरील २४० किलो भार उठून बाहेरच्या चाकांवर जातो. उभी असताना दोन्ही बाजूंस पाचपाचशे किलो होते, तेथे आता एकीकडे २६० आणि दुसरीकडे ७४० होतात. हा व्यवहार पेढीवरच्या कीर्दखतावणीसारखा चोख असतो. एका खात्यात जे जमा पडते ते दुसऱ्यातून वजा झाल्यावाचून राहत नाही, आणि स्प्रिंगा कितीही ताठ केल्या तरी या रकमेत जवळपास काही फरक पडत नाही. मोटार वळणावर कमी कलली म्हणजे तिचा भार कमी सरकला, ही सर्रास आढळणारी समजूत निराधार आहे. भार कमी सरकवायचा तर गुरुत्वमध्य खाली आणावा, चाकांमधील अंतर वाढवावे, नाहीतर मोटारीचे वजनच घटवावे. आणि यांतले काहीच साधत नसेल तर सावकाश जावे. पाचवा मार्ग नाही.

मग स्प्रिंगांच्या ताठपणाने साधते तरी काय? त्या २४० किलोंपैकी किती हिस्सा पुढच्या जोडीने सोसावा आणि किती मागच्या जोडीने, एवढेच त्याने ठरते. आणि हे ‘एवढेच’ फार मोठे आहे. टायरचा धर्म असा आहे की त्याच्यावरील भार दुप्पट केला असता पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच भरते. त्यामुळे ज्या जोडीतील एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर अगदी थोडा भार येतो, त्या जोडीची एकूण पकड घटते. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आणि स्वतः पिळवटून कल रोखणारा जो पोलादी दांडा, अर्थात अँटी-रोल बार, तो पुढे जाड बसवला की पुढच्या चाकांवर जास्त बोजा पडून त्यांची पकड आधी सुटते, आणि मोटार चालकाच्या इच्छेपेक्षा कमी वळून बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. याला अंडरस्टिअर म्हणतात. तोच दांडा मागे जाड केला तर मागचा भाग बाहेर निघतो आणि मोटार हवे त्याहून जास्त वळते, हे ओव्हरस्टिअर.

या दोन प्रवृत्तींची पद्धतशीर चिकित्सा ज्यांनी केली त्यांत मॉरिस ऑली या एंजिनिअराचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. रोल्स-रॉइसची नोकरी सोडून १९३० मध्ये तो अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला, आणि तेथे एका लांबलचक मोटारीवर पुढेमागे हलवता येतील अशी वजने बसवून आणि स्प्रिंगा पुनःपुन्हा बदलून तो अशा निष्कर्षाप्रत पोचला, की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असल्या तर प्रवास सुखाचा होतो. परंतु पुढे अखंड आस असताना तितक्या मऊ स्प्रिंगा देणे धोक्याचे, म्हणून पुढची दोन चाके परस्परांपासून स्वतंत्र करणे प्राप्त झाले, आणि १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने ते केले. निघाला होता तो श्रीमंत गिऱ्हाइकांच्या आरामाच्या शोधात, पण त्या वाटेवर वळणाचे शास्त्र त्याच्या हाती लागले. वेगाच्या उपासकांनी त्या गिऱ्हाइकांचे ऋण मानायला हरकत नाही.

क्रीडामोटार म्हटली की ती हाडे खिळखिळी करणारी असलीच पाहिजे, हा ग्रह इंग्लंडातही दीर्घकाळ नांदत होता. तेथील जुन्या मोटारींच्या चौकटी इतक्या लवचीक आणि पाटे इतके ताठ असत की चाक खड्ड्यात गेले असता पाट्यांच्या ऐवजी चौकटच वाकून धक्का सोसत असे. कॉलिन चॅपमन याने हा क्रम उलटा केला. १९६२ साली त्याच्या लोटस कंपनीने आणलेल्या इलान या मोटारीचा कणा म्हणजे मधोमध जाणारी पोलादी पत्र्याची पेटी, तिच्यावर फायबरग्लासची बॉडी, आणि सारे वजन सातशे किलोंच्या आसपास. कणा पिळवटत नसल्यामुळे स्प्रिंगा मऊ ठेवता आल्या, चाकांना वरखाली होण्यास भरपूर मुभा देता आली, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरांनी ती हालचाल वेळीच आवरल्यामुळे खडबडीत रस्त्यावरही टायर जमिनीला सोडीनासा झाला. जो टायर हवेत आहे त्याची पकड शून्य आहे, हे विधान बालबोध वाटेल; पण ताठ स्प्रिंगांचे जे भक्त मला भेटले आहेत, त्यांतील बहुतेकांना ते पटवून द्यावे लागते. पुढे मॅक्लारेन एफ-वनची रचना करणाऱ्या गॉर्डन मरे यानेही स्टिअरिंगच्या बाबतीत इलानलाच आदर्श मानले.

परंतु इलान जन्मतःच सुलक्षणी होती. सुधारणेचा खरा इतिहास पाहायचा तर जिचे ग्रह पहिल्यापासून वाकडे होते अशी मोटार घेतली पाहिजे, आणि ती म्हणजे जर्मनीतील पोर्शे कंपनीची ९११. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ते बदलावे लागले. नाव बदलणे सोपे होते. तिचे सहा सिलिंडरांचे एंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले, त्यामुळे एकंदर भारापैकी सुमारे ६० टक्के मागच्या चाकांवर, आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर अवघे २२११ मिलिमीटर. अशी मोटार वेगाने वळणात शिरली आणि मध्येच धास्तावून चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, म्हणजे भार एकदम पुढे जाऊन मागच्या चाकांची पकड घटे. मागचा भाग वर उचलला जाऊन तिरक्या बाहूंवर बसवलेल्या त्या चाकांचा कल बिघडे. बाहूंच्या बुशांतील रबर दबून बाहेरच्या मागच्या चाकाचे तोंड किंचित बाहेर वळे. आणि ते जड एंजिन, सरळ जाण्याचा आपला हट्ट न सोडता, मोटारीचे शेपूट बाहेर काढी. आता घाटात मोटार हाकणाऱ्या कोणाचीही उपजत बुद्धी अशी, की वेग जास्त वाटला तर पाय काढावा. भ्यालेल्या माणसाला नेमकी त्याच क्षणी शिक्षा देणारी मोटार, तिची पकड कितीही असो, सुशील म्हणता येणार नाही.

कारखान्याचा पहिला उपाय लाजिरवाणा होता. पुढच्या बंपराच्या दोन टोकांत प्रत्येकी ११ किलोंचे ओतीव लोखंड बसवण्यात आले. हलकेपणाची प्रतिष्ठा मिरवणाऱ्यांनी आपल्याच मोटारीत लोखंडाची भरती करावी, ही नामुष्कीच म्हणायची. दुसरा उपाय मात्र विचारी होता. १९६९ च्या मॉडेलांत मागचे बाहू लांब करून, एंजिन होते तेथेच ठेवून, मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेण्यात आली; आसांमधील अंतर २२६८ मिलिमीटर झाले आणि आसाबाहेर लोंबणारा भार तेवढाच आत आला. त्याच वेळी पुढच्या एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या, म्हणजे जे वजन मोटारीला वाहायचेच होते तेच तोल सांभाळण्याच्या कामी लागले. १९७२ च्या अखेरीस आलेल्या कॅरेरा आरएस या हलक्या आवृत्तीत पुढच्या रिमा सहा इंचांच्या, तर मागच्या सात इंचांच्या रुंदीच्या दिल्या, आणि बदकाच्या शेपटीसारखा म्हणून प्रसिद्ध झालेला स्पॉयलर मागच्या झाकणावर बसवून वेगात मागचा भाग उचलला जाण्याची प्रवृत्ती रोखली. १९७७ च्या ९२८ या मोटारीत, वायसाख येथील संशोधन केंद्राचे नाव मिरवणाऱ्या आसाने, रबर दबण्याचा तोच दोष उलटवला. पाय काढताच मागची चाके आत तोंड करू लागली. आणि खुद्द ९११ ला मागे अनेक दांड्यांचे संपूर्ण नवे सस्पेन्शन मिळाले ते १९९३ मध्ये, म्हणजे प्रदर्शनातील पहिल्या दर्शनानंतर तीस वर्षांनी. एंजिन मात्र आजही मागेच आहे. या सर्व सुधारणांत मला त्या ५७ मिलिमीटरांचे मोल सर्वाधिक वाटते, कारण वजनाची भर न घालता त्यांनी मोटारीचा स्वभाव निवळवला.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे चालते. मोटार खाली बसलेली दिसावी म्हणून गॅरेजात स्प्रिंगेचे एकदोन वेढे कापून टाकण्याचा प्रघात तरुणांत आहे. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग अधिक ताठ होते आणि चाकाला वर येण्यास जागा मात्र कमी राहते. मग भर वळणात एखादा उंचवटा आला की सस्पेन्शन अखेरच्या रबरी ठोकळ्यावर आदळते, त्या चाकाचा ताठपणा एका क्षणात कित्येक पटींनी वाढतो आणि पकड सूचना न देता सुटते. कारखान्याने वर्षानुवर्षे खपून काढलेला दोष करवतीच्या चार फटक्यांत परत आणण्याचा हा प्रकार आहे.

तेव्हा ज्यांना आपली मोटार खरोखरच सुधारायची आहे त्यांना माझी विनंती अशी, की टायर थंड असताना हवा मोजून घ्या. व्हील अलाइनमेंट करून चारही चाकांच्या मापांचा छापील कागद हक्काने मागून घ्या. झिजलेले बुश आणि गळके शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदला. यानंतरही समाधान झाले नाही तर अँटी-रोल बारला हात लावा, आणि स्प्रिंगेला सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करा, तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा चालून पाहा, आणि काय बदलले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.