पासवर्ड कुणाच्या बापाचा?

(वस्तीतल्या अभ्यासिकेत युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसं छापलं आहे.)



मला बोलावणाऱ्यांनी विषय दिला, 'डिजिटल क्रांती आणि युवक'. विषय झकास आहे. बॅनरवर शोभतो. पण ही क्रांती म्हटली की मला आठवतं मुंबई सेंट्रल स्टेशन आणि दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट. तेव्हा मी त्यावरच बोलणार. ज्यांना मोठमोठे शब्द ऐकायचेत त्यांनी तोवर चहा मारून यावं.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला फुकट वायफाय सुरू झालं. गुगल आणि रेल्वेची रेलटेल कंपनी, दोघांनी मिळून केलेलं देशातलं ते पहिलं स्टेशन. पेपरात फोटो आले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आमचं घर दहा बाय बारा. त्यात पाच माणसं, एक टीव्ही, एक शिवणयंत्र. आमच्या गल्लीत इंटरनेटची वायर टाकायला कुणी तयार नव्हतं. एका कंपनीचा पोरगा आला, नाक्यावरूनच गल्लीकडं बघितलं, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, 'इथं होणार नाही.' समोरच्या टॉवरात होत होतं. टॉवर आणि आमच्यामध्ये एक गटार. गटाराच्या त्या काठाला फायबर, ह्या काठाला 'होणार नाही'.

मग मी स्टेशनवर जायला लागलो. लोक गाडी पकडायला येतात, मी नोट्स पकडायला. आता ह्या फुकटचा हिशेब ऐका. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपये, चालणार दोन तास. दोन तास उलटले की पुन्हा दहा काढा, नाहीतर टीसीला तोंड द्या. आत शिरायला मोबाइल नंबर द्यायचा, त्यावर ओटीपी येणार. म्हणजे फोन पाहिजे, फोनात रिचार्ज पाहिजे. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला फुकटसुद्धा मिळत नाही, हे मी तिथं शिकलो. पुढं गुगल बाहेर पडलं, रेलटेलनं काम चालू ठेवलं, आणि मार्च २०२१ मध्ये नियम आला की दिवसाला पहिला अर्धा तास फुकट, पुढं पैसे.

कुणी म्हणेल, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, मग रडतोस कशाला? झाला ना स्वस्त. पण फोन एक आणि माणसं पाच. रोजचा डेटा ठरलेला. दोन लेक्चरं बघितली की संपला. फोन आईबरोबर सकाळी सातला कामाला जायचा, रात्री आठला परत यायचा. आणि स्वस्ताईचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. वाढवताना त्यांनी आपल्याला विचारलं होतं?

उसन्या नेटचंही एक तंत्र असतं. कळलं तेवढं सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल. वायफायला भिंत आवडत नाही, म्हणून छताला लावलेला तो डबा डोळ्याला दिसेल अशा जागी बसायचं. गर्दीच्या वेळी एकाच नळावर हजार हंडे लागतात, धार बारीक होते. रात्री उशिरा वेग मिळतो. तिथं बसून काही बघायचं नाही, सगळं उतरवून घ्यायचं आणि घरी जाऊन वाचायचं. उघड्या नेटवर्कवर बँकेचं काम करायचं नाही. कारण तसंच नाव देऊन कुणीही दुसरं जाळं लावून बसू शकतो.

स्टेशन परवडेना तेव्हा एका कॉफीच्या दुकानाबाहेर बसायचो. आत कॉफी घेतली की बिलावर पासवर्ड. मित्रानं एकदा घेतली, तेवढ्यावर आम्ही चौघं महिनाभर कठड्यावर बसलो. एक दिवस वॉचमन आला. आपल्याच वस्तीच्या मागचा माणूस. खाली मान घालून म्हणाला, 'भावा, साहेब कॅमेऱ्यात बघतात. माझी नोकरी जाईल. उठा.' आम्ही उठलो. भांडलो असतो तर त्याचीच भाकरी गेली असती. ही व्यवस्था किती हुशार आहे बघा. आपल्याला हाकलायला आपलाच माणूस ठेवते, तोही पगारी.

फीमाफीचा फॉर्म ऑनलाइन झाला तेव्हाची गोष्ट. शेवटची तारीख. मी सायबर कॅफेत, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, सगळं चढवलेलं. आता फक्त ओटीपी. आधारला नंबर आईचा. आई कामावर, आणि कामाच्या जागी फोन कपाटात ठेवायला लावतात. मी फोन करतोय, रिंग वाजतेय, ओटीपीची मुदत संपतेय. तीनदा मागवला, तीनदा मेला. रात्री आई आली, फोनवर तीन मेसेज. तिनं विचारलं, 'हे कसले आकडे आलेत रे?' मी काय सांगणार? त्या वर्षाची फी तिनं चिटफंड मोडून भरली.

हे एकट्याचं रडगाणं नाही. सरकारच्याच २०१७-१८ च्या नमुना पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी चोवीस घरांत इंटरनेट होतं, तेही मोबाइल धरून. शहरात बेचाळीस, खेड्यात पंधरा. मग २०२० साली टाळेबंदी आली आणि शाळा फोनात शिरली. सिंधुदुर्गात पशुवैद्यकीचं शिकणाऱ्या एका मुलीनं रेंजसाठी डोंगरावरच्या झोपडीत बसून भर पावसाळ्यात अभ्यास केला. पेपरवाल्यांनी तिची जिद्द छापली. जिद्द खरीच आहे, सलाम! पण टॉवर का नव्हता, हा प्रश्न जिद्दीच्या फोटोखाली गाडला गेला. आणि १ जून २०२० ला, ऑनलाइन वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, केरळात मलप्पुरम जिल्ह्यात चौदा वर्षांची एक दलित मुलगी गेली. तिनं जीव दिला. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही. हुशार पोरगी. तिच्या जिद्दीचा फोटो कुणाला काढता आला नाही.

त्याच केरळच्या हायकोर्टानं आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर सांगितलं होतं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. घटनेचं कलम २१. म्हणजे कागदावर हक्क आहे.

कागदावरचा हक्क आपल्याला नवा नाही. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. तळं मात्र बंदच राहिलं, २० मार्च १९२७ ला महाडला माणसं चालत गेली तोपर्यंत. पाणी आणि वायफाय एक नाही, हे मलाही कळतं. नेटावाचून कुणी तहानेनं मरत नाही, आणि आपल्या स्पर्शानं वायफाय बाटत नाही. पण ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये चालत जावं लागतं, एवढं महाडनं शिकवलंय.

आता दुसऱ्यांना शिव्या देऊन झाल्या. माझं सांगतो.

मला नोकरी लागली. गल्लीत वायरही आली. आमच्यावरच्या प्रेमानं नाही, गिऱ्हाईक दिसलं म्हणून. घरात डबा लागला, हिरवा दिवा लुकलुकला. मी पहिलं काम काय केलं? पासवर्ड टाकला. आठवड्यानं शेजारच्या मावशींची अकरावीतली पोरगी दारात. 'दादा, पासवर्ड देता? फॉर्म भरायचाय.' मी म्हटलं, 'कंपनीची मनाई आहे गं.' थाप मारली. करार मी वाचलासुद्धा नव्हता. ती गेली आणि जिन्यात बसली, मोबाइल वर धरून. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'तू कशाला जात होतास रे स्टेशनावर?'

एवढंच बोलली. मी उठलो, पोरीच्या फोनात पासवर्ड टाकून आलो.

दुसऱ्या दिवशी तिघं आले, महिन्यात चौदा झाले. नेट रडायला लागलं. मला भीतीही वाटली. कनेक्शन माझ्या नावावर, कुणी भलतंसलतं केलं तर पोलीस माझ्या दारात. ही भीती खोटी नाही. म्हणून म्हणतो, हे एकेकाच्या दयेवर चालणार नाही. दया चौदाव्या माणसाला थकते. सार्वजनिक सोय पाहिजे.

ती करता येते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजना मंजूर केली. चहावाला, किराणावाला आपल्या दुकानात वायफाय ठेवून विकू शकतो, लायसन्स नको, नोंदणीची फी नको. वापरणारा स्वतःच्या नंबरनं आत येतो, एकाच्या करणीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटत नाही. आपल्या नाक्यावर एक दुकान तयार करा. पण विकतचं तेवढं पुरे, असं मी म्हणणार नाही. ह्या अभ्यासिकेत, समाजमंदिरात, महापालिकेच्या वाचनालयात फुकट जोडणी पाहिजे. कॉफी न घेता बसता आलं पाहिजे. आणि फीमाफीचा फॉर्म कॉलेजच्या खिडकीवर कागदावरही घेतला पाहिजे.

सुरुवात कुठून? जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारनं मुंबईत ५०० ठिकाणी वायफाय सुरू केल्याचं जाहीर केलं होतं. आपण विचारू. कुठल्या ५०० जागा? आज चालू किती, बंद किती? आपल्या वस्तीपासून सगळ्यात जवळची जागा किती लांब? माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून आणलाय. बैठक संपली की सह्या करा. प्रत्येकानं आपल्या नावानं वेगळा अर्ज टाकायचा.

अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लागतो दहा रुपयांचा. इतकी वर्षं दहा रुपये देऊन मी दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर बसलो. ह्या वेळी दहा रुपये जाब विचारायला देऊ.

आणि हो, आमच्या घराच्या डब्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिलाय. परीक्षा जवळ असलेल्यांनी आधी घ्या.