आधी मोजा, मग बोला

आमच्या गटातल्या दोघी सोल्डरिंग शिकल्या. मग भजनी मंडळाच्या एकतारीसाठी आम्ही घरीच छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. एलएम ३८६ ही आयसी, ९ व्होल्टची बॅटरी, एक स्पीकर, आणि भोपळ्याला चिकटवलेली पिझो चकती.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी बटण दाबलं, तर नुसती घरघर! "हिनंच काहीतरी जाळलं," म्हणून एकीवर खापर फुटलं. ती रडवेली झाली. पुन्हा डाग द्यायला बसणार नाही म्हणाली.

तेव्हा आम्ही ठरवलं, आधी मोजायचं. मल्टिमीटर लावला. बॅटरीत ९ व्होल्ट होते. आयसीच्या सहाव्या पायावरही तेवढेच, म्हणजे वीज पोचत होती. पाचव्या पायातून आवाज बाहेर पडतो. तिथे निम्मे, साधारण साडेचार. तसेच हवेत. म्हणजे आयसी जळलेली नव्हती.

मग बॅटरी काढून तारा तपासल्या. जोड पक्का असला की मीटर बीप करतो. चकतीकडून येणाऱ्या अर्थिंगच्या तारेवर बीप आलाच नाही. नीट पाहिलं, तर डाग वरून बसलेला, पण तार आत हलत होती. तिनंच तो पुन्हा तापवून जोडला. घरघर थांबली, एकतारी बोलू लागली.

मैत्रिणींनो, गटाच्या हिशेबात फरक आला तरी असंच एकेक पायरी तपासत जाऊ. आणि हो, पुढच्या बैठकीत मीटर कसा धरायचा ते तीच आम्हां सगळ्यांना शिकवणार आहे.