लेकरू वाचतंय, आपण ऐकू

आम्ही सिरसाळ्याच्या माता गटातल्या बाया बोलतोय. दसरा तोंडावर आलाय. ज्यांनी मुकादमाची उचल घेतली त्यांच्या घरी पेट्या बांधायची गडबड चालू आहे. म्हणून आज शाळेचं आणि घरातल्या वाचण्याचं बोलायचं ठरवलं. निघाल्यावर बोलून उपयोग नाही.

आमच्यातल्या एकीची लेक पहिलीत होती. दिवाळीपर्यंत ती दोन-तीन अक्षरांचे शब्द वाचायला लागली होती. दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, एस.टी.चा फलक, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची. दिवाळी झाली आणि ती आईबापाबरोबर फडावर गेली. पाडव्याच्या सुमाराला परत आली, पुस्तक उघडलं, तर ‘म’ कोणता आणि ‘भ’ कोणता हे तिला सांगता येईना. त्या पाच महिन्यांत ती काही रिकामी बसली नव्हती. कोपीत धाकट्या भावाला सांभाळलं, पाणी भरलं, वाढं गोळा केलं. पण नव्या भिंतीला रोज पाणी मारावं लागतं, तसं नव्यानं आलेल्या वाचण्याचं असतं. मध्येच सोडलं की तडा जातो.

सरकारनं २०२१ साली निपुण भारत नावाची मोहीम सुरू केली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब यावा, असं तिचं म्हणणं. तीन वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. आपण गटात बोटांवर हिशेब केला. दरवर्षी पाच-सहा महिने फडावर गेले, तर आपल्या लेकराच्या हातात दीड वर्षच उरतं. आणि मग आपणच म्हणतो, ह्याचं डोकं चालत नाही.

आता गटाचं सांगतो. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ म्हणून शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू झाले. पहिलीत जाणाऱ्या लेकराला शाळेत बोलावतात, नाव नोंदवतात, मग एकेका टेबलावर उड्या मारायला, रंग ओळखायला, चित्र बघून बोलायला, खडे मोजायला लावतात. अशी सात टेबलं असतात. पहिला मेळावा एप्रिलमध्ये असतो. पट्टा पडून आपण गावात आलेलो असतो, त्यामुळं हा एक कार्यक्रम आपल्या वेळेला होतो म्हणायचा. शेजारपाजारच्या चार-सहा आयांनी मिळून गट करायचा आणि आठवड्याला एकदा लेकरांना घेऊन बसायचं, असं तिथं सांगतात.

आमचा गट झाला, पण सहांपैकी तिघींनाच वाचता येत होतं. बाकीच्या म्हणाल्या, आम्ही कशाला यायचं, आम्हाला तर पाटीवरची गाडी कुठली ते कंडक्टरला विचारावं लागतं. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने आम्ही वाईटच चालवलं. लेकरांना ओळीत बसवून बाराखडी म्हणून घ्यायची, चुकलं की धपाटा. तिसऱ्या आठवड्याला लेकरं आम्हाला बघून पळायला लागली. शाळेतल्या बाईंनी हे ऐकलं, आणि त्या रागावल्या नाहीत. शिकवायचं काम आमच्यावर सोडा, तुम्ही ऐकायचं काम करा, एवढंच म्हणाल्या.

ऐकायला अक्षरओळख लागत नाही, हे आम्हाला एका आजीनं शिकवलं. तिचा नातू दुसरीत. आईबाप फडावर, पोरगा आजीजवळ. रोज संध्याकाळी चुलीपुढं तो पुस्तक घेऊन धाडधाड वाचायचा. आजीला शंका आली, कारण त्याची नजर पुस्तकावर नव्हतीच, भाकरीवर होती. तिनं मध्येच दोन पानं मागं उलटली आणि म्हणाली, हे वाच. पोरगं अडलं. सगळा धडा पाठ होता, वाचत काहीच नव्हता. तेव्हापासून आजीनं दोन गोष्टी धरल्या. बोट शब्दाखाली ठेवायचं आणि एक पान झालं की पुस्तक मिटून आजीला सांगायचं, काय झालं त्यात? नीट सांगितलं नाही तर आजी म्हणायची, मला कळलं नाही बाबा, परत वाच. खोटं बोलत नव्हती ती. तिला खरंच कळलेलं नसायचं. आणि आजीला कळावं म्हणून पोरगा खरंच वाचायला लागला.

आता गटात आम्ही तेवढंच करतो. लेकरू वाचतं, आम्ही ऐकतो आणि विचारतो, मग पुढं काय झालं? असं का केलं त्यानं? दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात. भाजी निवडता निवडता होतं हे.

दुसरं एक काम सांगतो, त्यात आम्हाला फार गंमत आली. जात्यावरच्या ओव्या लेकरांकडून लिहून घ्यायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या राज्यातल्या खेड्यापाड्यातून बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यात आपल्या शेजारच्या माजलगावच्या बायांच्याही ओव्या आहेत, १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या. गाणाऱ्या कितीतरी जणींना सही येत नव्हती. म्हणजे आपल्या घरातल्या म्हातारीच्या डोक्यात एक वही भरलेली आहे, फक्त ती कागदावर नाही. चौथीच्या पोरींनी आज्यांपुढं बसून लिहायला सुरुवात केली. एका पोरीनं आजी जशी बोलते तसंच लिहिलं, तर एक आई म्हणाली, हे अशुद्ध आहे, खोड. भांडण शाळेपर्यंत गेलं. बाईंनी निकाल दिला की आजीची ओवी आजीसारखीच लिहायची, पुस्तकातला धडा पुस्तकासारखा. आम्हाला पटलं. ज्या आजीच्या ओव्या वर्गाच्या भिंतीवर लागल्या, ती पहिल्यांदाच शाळेची पायरी चढली. स्वतःचं नाव कुठं लिहिलंय ते नातीला दाखवायला लावलं आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

मोठ्यांच्या शिकण्याचंही सांगायला हवं. उल्लास नावाच्या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही शिकता येतं, शिकवणारे गावातलेच, मोबदला न घेता शिकवणारे. त्याची आपल्या राज्यातली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. वाचन, लेखन, हिशेब, पन्नास-पन्नास गुणांचे तीन भाग. तारीख ठरवणाऱ्यांना ऊसतोड्यांची आठवण कितपत होती कोण जाणे, आमच्यातल्या शिकायला बसलेल्या बऱ्याचजणी तेव्हा फडातच होत्या. परीक्षा पाडव्यानंतर घ्या, असं आम्ही शाळेतून वर कळवलंय.

आता निघायच्या आधीचं. लेकराला न्यायचं का ठेवायचं, ह्यावर आमच्या गटात एकमत नाही आणि आम्ही ते आहे असं दाखवणार नाही. शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर झालं तर आईबाप फडावर असताना लेकराला दोन वेळचं जेवण शाळेकडून मिळतं आणि ते आजीआजोबाजवळ किंवा नातेवाइकांकडं राहून शाळा करतं. ज्यांच्या घरी धडधाकट म्हातारं माणूस आहे त्यांनी लेकराला ठेवावंच, असं आमच्यातल्या बहुतेकींचं मत. पण बारा वर्षांची पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून जी आई तिला बरोबर नेते, तिला अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला नाही. तिनं रात्री जागून विचार केलेला असतो.

वसतिगृह आपोआप येत नाही. कोणती लेकरं राहणार त्यांची यादी शाळा व्यवस्थापन समितीतून जाते. ह्या समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत, असं २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. आपण त्या बाया. पण बैठकीचं रजिस्टर घरी येतं, आपण चुलीपुढून उठून सही करतो आणि कशावर केली ते विचारत नाही. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीनं रजिस्टर परत पाठवलं. म्हणाली, बैठकीला बोलवा, तिथं वाचून दाखवा, मग सही. चार दिवस तोंडं वाकडी झाली. पाचव्या दिवशी बैठक झाली.

ज्या लेकराला बरोबर नेणार त्याचं शिक्षण हमी कार्ड शाळेतून मागून घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की लेकराला वर्गात बसवून घ्यायला पाहिजे. दाखला नाही म्हणून लेकराला परत पाठवता येत नाही. आमच्या एकीला एका शाळेनं तसं परत पाठवलं होतं. तिच्याजवळ कार्ड होतं, पण पेटीच्या तळाशी साड्यांखाली, आणि ते काय कामाचं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड आधारकार्डाजवळ ठेवा, हाताशी.

आणि ज्यांची लेकरं मागं राहतात त्यांच्यासाठी फोन. गेल्या हंगामात तिघींनी ठरवलं होतं की फोनवर जेवलास का, रडतोस का, एवढंच बोलायचं नाही. लेकरानं एक पान वाचून दाखवायचं. पहाटेपासून मोळ्या वाहून आलेल्या बाईला रात्री डोळा उघडा ठेवणं अवघड. एक तर ऐकता ऐकता झोपून जायची, आणि पोरगा पलीकडून ओरडायचा, आई, हूं म्हण ना! तरी आठवड्यातून तीन-चार रात्री जमलं. त्या तीन लेकरांचं वाचणं पाडव्याला तिथंच होतं जिथं दिवाळीला सोडलं होतं, उलट थोडं पुढंच गेलं होतं.

तेव्हा ज्या निघणार आहेत त्यांनी ह्या शनिवारी दुपारी शाळेत यावं. बरोबर न्यायला दोन-दोन गोष्टीची पुस्तकं आणि एक पाटी मिळेल, तसं बाईंशी बोलून ठेवलंय. वहीत नाव लिहून न्यायची आहेत. फाटली तर चालतील, पण परत आणा, कारण पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कोपीत जाणार आहेत.