जुनी जावा आणि उरवाईचा चढ

ग्वाल्हेरच्या मेळ्याला १९०५ साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत प्रारंभ झाला. आज तेथे नव्या मोटारसायकली घेण्यास झुंबड उडते. तरीही लष्कराच्या रस्त्यावरून एखादी जुनी जावा धडधडत गेली, की माणसे माना वळवून पाहतात.

या नावाचा जावा बेटाशी काही संबंध नाही. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून ते १९२९ साली प्राग येथे जन्मले. १९६१ पासून ही गाडी म्हैसूरला तयार होऊ लागली, पुढे 'येझ्दी' म्हणून ओळखली गेली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला.

गाडीची एकच दांडी किकचे काम करते आणि गिअरचेही! इंजिन द्विघाती असल्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास स्फोट होतो. वंगणासाठी निराळी सोय नाही; पेट्रोलमध्येच लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर तेल मिसळावे लागते. सायलेन्सरमधील काजळी खरवडणे हे त्याचेच शुक्लकाष्ठ.

गाडी पुन्हा उभी करणारे पुष्कळजण प्रथम रंग आणि चकाकी यांच्या मागे लागतात. खरा शत्रू आत असतो. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत दाबले जाते. तिच्या दोन्ही टोकांस रबरी ऑइल सील असतात. गाडी वर्षानुवर्षे पडून राहिली, की ते ताठरतात. मग फटीतून हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला चिकटतो. जाणता मिस्त्री म्हणूनच आधी इंजिन उघडतो.

पुढचा पेच कायद्याचा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीस 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नोंदणीस २०,००० रुपये लागतात. मात्र मग ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन व दुरुस्ती यांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. सामान्य नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घेणारा मालक मात्र भाजी आणावयासही तिच्यावरून जाऊ शकतो. ज्या यंत्राचे सील उभे राहून वाळतात, त्याला मानाच्या पाटीपेक्षा हा खटाटोपच मानवतो.

परीक्षा घ्यावयाची तर किल्ल्याचा उरवाई दरवाजा आहे. कड्यात कोरलेल्या जैन मूर्तींखालून चढ सुरू होतो. मे महिन्याच्या सकाळी, ऊन तापण्यापूर्वी, खालच्या गिअरमध्ये निळसर धूर सोडीत जावा वर निघते. माथ्यावर पोहोचल्यावर स्वार इंजिन बंद करतो, ते निवू देतो आणि मग पुन्हा किक मारून पाहतो.